ती माती कोणी चाखली

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही.

हे वाक्य वाचून आमच्या घरातलं कोणी हसलं तर मला नवल वाटणार नाही. नाना, आणि न सांगितलेली गोष्ट? अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आमचे जेवढे सोयरे पसरले आहेत, तेवढ्यांच्या लग्नामुंजींत जेवणं आटोपली, सुपारी कातरून झाली, की कोणीतरी म्हणतंच — नाना, होऊन जाऊ द्या. आणि नाना, म्हणजे मी, दोनदा नाही-नाही म्हणतो, घसा खाकरतो आणि जणू पहिल्यांदाच आठवतंय अशा चेहऱ्यानं सुरू होतो. ढेरी सुटली, दाढा हलायला लागल्या, पण तोंडाला खंड नाही. पोटात गोष्ट राहिली तर मला अपचन होतं, असं माझे मेहुणे म्हणतात. खरं आहे त्यांचं. तरी एक राहिली. ती राहावी म्हणूनच बाकीच्या एवढ्या सांगत सुटलो की काय — कोण जाणे.

कुठून सुरू करू? माझ्या गोष्टींतली सगळ्यांत मागणी असलेली गोष्ट जमादाराची. तीच आधी सांगतो, जशी गेली वीस-बावीस वर्षं सांगत आलो तशी. मग पुढचं बोलणं सोपं जाईल. निदान जाईल असं वाटतंय.

कापसाच्या तेजीचे ते दिवस. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. अमरावतीत जिथं म्हणून छप्पर होतं तिथं कापूस भरला. देवळाच्या ओवरीत कापूस. गोठ्यात कापूस, आणि गाई उन्हात. डाळीत कापसाचं तूस, अंथरुणात तूस. माणसं शिंकली तरी पांढरं उडायचं. धर्मशाळेत अचलपूरच्या पलटणीतून नाव कमी झालेले पाच-सात म्हातारे शिपाई पडून असत. कापसाच्या गाठोड्यांनी त्यांना तिथून उठवलं आणि ते परकोटाच्या भिंतीच्या आडोशाला जाऊन राहिले.

माझे काका, आबाकाका, कचेरीत वकिली करायचे. देवमाणूस. त्यांच्यानं हे बघवेना. त्यांनी ठरवलं की या लोकांना घरं मिळवून द्यायची. गावात पडकी, कुलुपं गंजलेली घरं होती. त्यांच्या मालकांना गाठायचं, गळ घालायची. शिपायानं घर दुरुस्त करून घ्यायचं आणि हयात आहे तोवर राहायचं. भाडं नाही. पहिलं घर मिळालं ते परकोटाच्या आतलं, एका गल्लीतलं. त्याचा मालक अकोल्यात मोठा व्यापारी झाला होता. तो म्हणाला, राहू द्या, भिंती तरी उभ्या राहतील. ते घर काकांनी बेनीसिंग जमादाराला दिलं.

इथं मी मांडी बदलतो. कारण आता हसायचं असतं.

आमच्याकडे घरं धाब्याची. वर लाकडं, त्यावर काड्या-पाला, आणि त्यावर पांढरी खारी माती. ही माती पाणी पिऊन घेत नाही, वाहून लावते. ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणावर ती सापडते, आणि पुरेशी खारी आहे की नाही ते जिभेवर ठेवूनच कळतं. तर आमचे जमादार — मी इथं बोट चाटतो, डोळे मिटतो, नसलेल्या मिशीवर ताव देतो — एकेका खड्ड्याची माती चाखायचे आणि निकाल द्यायचे. ही भरती! ती बरतरफ! पोरं पोट धरून लोळतात.

मग घर तयार झालं. असं तयार झालं की अंगणात पाय ठेवायला भीती वाटावी. पण जमादार आत निजेनात. उंबऱ्याला आडवी खाट टाकून बाहेर, आणि रात्रभर आपल्याच घरावर आपलाच पहारा. कोणी गल्लीतून गेलं की 'हुकुमदार!' अशी पलटणीतली आरोळी. दिवसाढवळ्या मी गेलो तरी आरोळी. आणि एक दिवस, मृग तोंडावर आलेला असताना, या गड्यानं दाराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली, खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाला, 'महाराज, छपराखाली जीव घुसमटते. आपल्याले आभाळच बरं.' आणि गेला. पलटणीच्या चालीनं. मी ती चाल करून दाखवतो, ढेरीसकट. आणि शेवटी म्हणतो — घोड्याला गादी घातली म्हणून तो का निजणार आहे?

संपली गोष्ट. पानदान फिरतं.

गेल्या चैत्रात पुतणीच्या लग्नात ती पुन्हा झाली, आणि छान झाली. परतताना छकड्यात मी आणि आमची ही, दोघंच. हिचं माहेर दर्यापूरकडचं, खेड्यातलं. ही गोष्ट तिनं माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली असेल, कारण मी सांगताना स्वतः थोडाच ऐकतो? बडनेरा मागं पडलं तशी ती म्हणाली,

"एक विचारू? ती माती खरं कोनं चाखली होती?"

जमादारानं, म्हटलं. सांगितलं ना.

"माती बायका चाखतात. आमच्या तिकडं गड्याच्या डोक्यावर टोपलं देतात, चाखाले नाही देत. त्याले कोनं शिकवलं?"

पलटणीत सगळं शिकवतात, मी म्हणालो. ती 'हं' म्हणाली आणि पदर सावरून रस्त्याकडे बघत बसली. पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला गोष्ट सांगता येत नाही. मागच्या महिन्यात एका मुंजीत आग्रह झाला तर मी दाढ दुखते म्हणालो. दाढ दुखते ही थाप, पण आता थापांचा हिशेब कोण ठेवतो?

म्हणून हे लिहितोय. बोलून जमणार नाही. बोलायला लागलो की माझे हात आपोआप हलतात आणि समोरचे हसायला लागतात.

तर — बाई होती.

माझ्या गोष्टीत जमादार एकटा आहे. खऱ्यात तो एकटा नव्हता. तिचं नाव तुळसा. गल्लीतले तिला जमादारीण म्हणत. ती इकडचीच, वऱ्हाडची. तो औध प्रांतातला पूरबी. तिच्यापायीच त्याला गाव तुटलं होतं. भावांनी सांगून पाठवलं होतं म्हणे, की परजातीची बाई घेऊन उंबरा चढू नकोस. त्यानं उंबरा सोडला, तिला नाही. पलटण होती तोवर पलटणीचं छप्पर होतं. पलटण सुटली आणि छप्परही सुटलं.

माती तिनं चाखली. ओसाड गावठाणावर मी स्वतः गेलो होतो त्यांच्यासोबत. काकांनी पाठवलं होतं आणि मला उन्हाचा राग आला होता, एवढं आठवतं. गाड्या सगळ्या कापसाला जुंपलेल्या, एकही मिळेना. म्हणून दोघांनी टोपल्यांनी माती वाहिली. ती खड्ड्यापाशी बसायची, चिमूट जिभेवर ठेवायची, थुंकायची, मान हलवायची. तो हसून म्हणायचा, भरती झाली का? ते हसू मी ढापलं. 'भरती, बरतरफ' हा विनोद माझा नाही. तो एका नवऱ्यानं बायकोला हसवायला केलेला होता, आणि ती हसायची ते खोकत खोकत.

तिला खोकला होता. आत एकच खोली. तो बाहेर आडवी खाट टाकून निजायचा ते तिला आत पाय पसरता यावेत म्हणून, आणि दार उघडं राहून वारा यावा म्हणून. उघड्या दाराला राखण नको का? म्हणून ती आरोळी. गल्लीतून रात्रंदिवस कापसाच्या गाड्या जायच्या, गाडीवान कुठेही शिरून पाणी मागायचे. दिवसाची ती निजली असली की मला बघूनही तो ओरडायचा, कारण माझे जोडे फार वाजायचे. मी तेव्हा पंचविशीतला, एका कापूस-दलालाच्या पेढीवर नुकता चिकटलेला, आणि जोडे मुद्दाम वाजणारे घेतले होते. असा तो मी. आणि असल्याला तो म्हातारा 'महाराज' म्हणायचा.

तुम्ही म्हणाल, इथवर काय बिघडलं? गोष्टीतून एक बाई गाळली, एवढंच ना? गोष्टी सांगणारे गाळतातच. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच म्हणत होतो. पण ती का गाळली? बाई ठेवली तर गोष्ट टिकत नाही, म्हणून. खोकणाऱ्या बायकोला घेऊन मृगाच्या तोंडावर कोणता माणूस घर सोडून आभाळ पसंत करेल? हे एखादं पोरही विचारेल. तिला काढल्याशिवाय जमादाराला त्या घरातून हसत बाहेर काढता येत नव्हतं.

आणि त्याला बाहेर मी काढलं.

झालं लिहून. वाटलं होतं हात थांबेल. नाही थांबला.

कसं काढलं तेही सांगतो. त्या साली पेढीवर सगळ्यांच्या डोळ्यांत कापूस गेला होता, माझ्याही. मीही थोडा कापूस स्वतःच्या नावानं घेऊन ठेवला होता. उन्हाळा संपत आला तसे सगळे विकून मोकळे व्हायला लागले, कारण पावसाळ्यात ठेवायचा कुठे? भिजला की पिवळा पडतो, कुजतो, कोणी हात लावत नाही. पण ज्याला तो पावसाळाभर कोरडा धरता येईल त्याला दसऱ्यानंतर मागू तो भाव, असं पेढीवरचे जाणते म्हणत. प्रश्न एवढाच होता, न गळणारं छप्पर आणायचं कुठून? सगळी भरलेली होती. माणसांची छपरं लोकांनी कधीच रिकामी करून घेतली होती. आणि सगळ्या गावात नव्या खाऱ्या मातीचा, चोपून चोपून घट्ट केलेला, एकही भेग नसलेला धाबा मला एकच माहीत होता.

काका काशीला गेले होते. तेव्हा काशीला जाणं म्हणजे महिनोन् महिने. जाताना मला म्हणाले होते, त्या लोकांकडे लक्ष ठेव. परकोटापाशी राहिलेल्यांसाठी त्यांनी आणखी तीन घरांची बोलणी करून ठेवली होती. आल्यावर ती हातात घ्यायची होती.

मी लक्ष ठेवलं. एका सकाळी गेलो, आणि जोडे न वाजवता गेलो, हेही आठवतं. जमादाराला सांगितलं की अकोल्याच्या मालकाच्या मुलीचं लग्न इथं अमरावतीत करायचं ठरलंय, पाहुणे उतरवायला घर हवं आहे, लगेच. त्या मालकाला दोन मुलगे होते. मुलगी नव्हतीच. हे मला ठाऊक होतं. घर मागायला काकांचा निरोप घेऊन मीच अकोल्याला गेलो होतो, त्यांच्या पंक्तीला जेवलो होतो. पण लग्नाचं नाव काढलं की कोणी वाद घालत नाही. मुलीच्या लग्नाला कोण आडवं येतं? थाप निवडायची अक्कल तेव्हाही होती मला.

त्यानं वाद घातला नाही. फक्त उठून उभा राहिला.

"हुकूम कोनाचा हाय, महाराज?"

काकांचा, मी म्हणालो.

बस. एवढं एक नाव पुरलं. काशीत गंगेवर असतील त्या वेळी ते. त्यांच्या नावानं मी ते घर रिकामं करून घेतलं. मालकाचा हुकूम असता तर त्यानं कदाचित चार दिवस मागून घेतले असते. काकांचा म्हटल्यावर त्यानं दिवसही मागितला नाही.

ती आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. वऱ्हाडची बाई, तिला काय येत नव्हतं? पण तिनं मला हातानं धाब्याचा कोपरा दाखवला.

"मिरगाच्या आधी तिकडं वळचणीले एक हात माती अजून टाकजा, भाऊ. थो कोपरा कच्चा हाय. पाहुन्याइच्या अंगावर गळाले नाही पायजे."

मी टाकली. सांगितलं होतं तशीच, त्याच कोपऱ्याला, त्यांनीच आणून ठेवलेल्या मातीतली उरलेली. हे तुम्हाला सांगायचं राहून जाईल अशी आशा होती मला.

जाताना तो म्हणाला, अकोल्याला जातो, मालकाला सलाम करून येतो. इतके दिवस घर दिलं त्यानं.  तिथं गेला तर सगळं उघडं पडेल. थांबवायला हवं होतं ना? म्हणायला हवं होतं की कुठं जाता या दिवसांत, चला आमच्या पडवीत राहा पावसाळाभर. आमची पडवी होती. तिच्यात एक पाट्या नसलेली गाडी आणि काकूंची लोणच्याची रिकामी मडकी होती. मी म्हणालो नाही. मी काय विचार केला ते लिहू? बाई खोकते, वाट लांबची आहे, मृग लागायला आलाय, रस्ता सगळा काळ्या मातीचा — हे दोघं काही अकोल्याला पोचत नाहीत. असा विचार माझ्या मनात आला का? आला. आणि त्या विचारानं मला बरं वाटलं का? वाटलं.

त्यानं किल्ली दिली ती मान खाली घालून. सलाम-बिलाम काही नाही. तिच्या डोक्यावर बोचकं, त्याच्या डोक्यावर खाट उलटी टाकलेली. पलटणीची चाल नव्हती. खोकला आला की ती थांबायची, मग तोही थांबायचा. अशी चाल होती.

दुसऱ्या दिवशी मी कापूस भरला.

पावसाळा सरता सरता काका परत आले. काशीचं पाणी बाधलेलं, हाडं निघालेली. पाटावर बसतात न बसतात तोच विचारलं, जमादार कसा आहे? आणि मी — हा क्षण मला इतका नीट आठवतो की वाटतं कालचा आहे — मी तोंड उघडलं आणि आतून गोष्ट आली. तयार नव्हती केली. आपोआप आली. आरोळी आली, खाट आली, आभाळच बरं आलं. जमादारीण कुठं गेली म्हणाले तेव्हा म्हणालो, ती आधीच माहेरी निघून गेली, हा तऱ्हेवाईक, कोण राहणार याच्यापाशी? चाल मी तिथंच पहिल्यांदा करून दाखवली, तेव्हा ढेरी नव्हती. काकू दारात उभ्या होत्या, त्या हसल्या. मग काकाही हसले. थकलेलं हसू. त्या हसण्यानं मी सुटलो. गोष्ट सांगण्यातली ताकद मला त्या दिवशी कळली. माझ्या सगळ्या कीर्तीचा उगम तो आहे, म्हटलं तरी चालेल.

घरात कापूस कसा, हेही काकांनी विचारलं. रिकामंच पडलं होतं, म्हणालो. ते म्हणाले, ठीक केलंस.

मग म्हणाले, "आपणच शहाणे नव्हतो रे. ज्याला नको त्याच्या गळ्यात घर कशाला बांधायचं?"

त्या तीन घरांची बोलणी त्यांनी सोडून दिली. मालकांनाही ते बरंच झालं. माझी गोष्ट तोवर त्यांच्या ओट्यांवर पोचली होती, आणि ज्यांना मनातून द्यायचं नव्हतं त्यांना ती इतकी आवडली की ते मला बोलावून सांगायला लावत. परकोटाच्या आडोशाचे म्हातारे तिथंच राहिले. त्यांतला एक हवालदार मला रस्त्यात भेटून विचारायचा, काकासाहेब आले का, आमचं काही म्हणाले का? मी गल्ली बदलली. दोघं थंडीत गेले असं ऐकलं. बाकीच्यांचं ऐकलं नाही, कारण विचारलं नाही.

काका आणखी बरीच वर्षं जगले. शेवटच्या दुखण्यात अन्न जाईना, तेव्हा एकदा मला जवळ बसवून म्हणाले, ती जमादाराची सांग रे. मी सांगितली. सगळी, चालीसकट. ते हसले आणि मग त्यांना ठसका लागला, म्हणून मी पाणी पाजलं.

आता शेवटचं. गोष्टीला शेवट असतोच, माझ्यापेक्षा हे कोण जास्त जाणतो?

दिवाळीनंतर माझा कापूस अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं घेतला. पावसाळाभर त्या घरात एक थेंब गळला नव्हता. बोंडातून आत्ताच निघावा तसा पांढरा. मी गाड्यांसोबत गेलो, नवा फेटा बांधून. अकोल्याच्या कापूस-बाजारात गंज्याच गंज्या, त्यांतल्या एकीजवळ आमच्या गाड्या सोडल्या. गंजीवर ताडपत्री, ताडपत्रीच्या आडोशाला एक खाट, आणि खाटेवरून एक म्हातारा उठून उभा राहिला. राखणदार. ती गंजी त्या मालकाची होती, ज्याच्या घरात तो अमरावतीत राहिला होता. त्याच्याकडेच तो राखणीला लागला होता.

म्हणजे त्या घरात मुलगे किती आणि मुली किती, हे त्याला ठाऊक होतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

 त्यानंच सांगितलं, जसं वरच्या अंमलदाराला सांगावं तसं, आवाज न चढवता. मूर्तिजापुराच्या अलीकडे पावसानं गाठलं. गावात अनोळखी शिपायाला कोणी थारा देईना. बाई तिथंच राहिली. "लाकडं ओली होती, महाराज. पेटेचनात. मंग तिले तसंच मातीत ठेवलं."

काळ्या मातीत. पांढरी तिथं नव्हती.

मग तो गाडीपाशी गेला. मूठभर कापूस घेतला, दाबला, पुन्हा उलगडू दिला.

"पावसाळाभर धरला दिसते," तो म्हणाला. "चांगल्या धाब्याखाली होता."

मी फेट्याशी चाळा करत होतो. गाडीवान ऐकत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही — रागानं पाहिलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो, मला रागावर बोलता येतं. वाट पाहिल्यासारखं पाहिलं. आणि विचारलं,

"मालकाच्या पोरीचं लगन झालं ना?"

खरं बोलायला दार उघडून धरलं होतं त्यानं. एवढंच म्हणायचं होतं मला — नाही हो जमादार. मुलगी नव्हती. काकांना माहीतही नाही. एवढंच. तेवढ्यानं त्याची बायको परत येणार नव्हती, पण काकांचं नाव तरी त्याच्या मनात उजळ झालं असतं. परकोटापाशी ते म्हातारे तेव्हा जिवंत होते. ती तीन घरं तेव्हा रिकामी होती.

"झालं," मी म्हणालो. "थाटात झालं."

"बरं झालं," तो म्हणाला.

त्या कापसाच्या पैशातून आमच्या घरावर माडी चढली. माझी जी मंडळी हे वाचतील, त्यांनी ही गोष्ट बहुतेक त्याच माडीवर बसून ऐकली आहे.

आणि एक. मी गोष्टीत जो सलाम ठोकतो — खाडकन, टाचा जुळवून, छाती काढून — तो अमरावतीतला नाही, हे वर सांगितलंच. तो या जागेचा आहे. 'बरं झालं' म्हणून त्यानं तो मला केला, अकोल्याच्या भर बाजारात, कापसाच्या गाड्यांमध्ये, आणि वळून आपल्या खाटेवर जाऊन बसला. तो मी उचलून गोष्टीत घातला. त्यावर सगळ्यांत जास्त हसू येतं.